जुवेनाबाईच्या घरचं दूध

पहिलं नाव जुवेनाबाईचं, दुसरं तिच्या लेकीचं, रहमाचं. ही दोन नावं आधीच लिहून घेते, कारण माझी सवय मला माहीत आहे. बोलायला लागले की मी भलत्याच वाटेनं जाते आणि ज्यांच्याबद्दल सांगायचं तेच राहून जातात. ओमान देशात, डोंगराच्या पायथ्याच्या एका गावात या मायलेकी राहतात. तिकडं सगळे तिला नुसतं जुवेना म्हणतात. 'बाई' मी लावलं. आईच्या वयाच्या बाईला नुसत्या नावानं हाक मारायला माझी जीभ वळेना, आणि तिनंही कधी हरकत घेतली नाही. माझी गौरी आज जिवंत आहे ती या दोघींमुळे. आत्ता ती ओसरीत, पाणी शिंपडलेल्या फरशीवर पालथी पडून पाटीवर रेघोट्या मारते आहे. पाच वर्षांची झाली.

बाहेर नवतपा, उन्हाळ्यातले सगळ्यात कडक नऊ दिवस, पेटला आहे. आर्वीहून येणारी दुपारची एसटी रिकामी येते आणि रिकामीच जाते. वखरलेल्या वावरातली ढेकळं इतकी तापली आहेत की चपलेतून चटका लागतो. सासूबाई कूलरसमोर बसून चिंचा फोडताहेत आणि मधूनमधून उन्हाला शिव्या घालताहेत. मी घालत नाही. गावातल्या बाया म्हणतात, वंदनाले ऊनच लागत नाई, ते बाहेर देशातून आली. लागतं, मलाही लागतं. पण या दिवसांत गरम वाऱ्याची झुळूक अंगावर आली की तिच्याबरोबर मला उकळत्या खजुराचा गोडसर, जरा जळकट वास येतो. आमच्या शिवारात खजुराचं बनच नाही. तरी येतो. मग हातातलं काम ठेवून मी थोडा वेळ तशीच बसते. बघणाऱ्याला वाटावं, बाई आळसावली.

मी नववीत शाळा सोडली. माझं माहेर समुद्रपूर तालुक्यात. शाळा पाच किलोमीटरवर, आणि सोबतच्या दोघी मैत्रिणींची लग्नं झाल्यावर एकटीनं जायची माझी छाती होईना. भित्री मी जन्माचीच. कुत्र्याला भ्यायची, विजेच्या बटनाला भ्यायची, बँकेतल्या फिरत्या खुर्चीवरच्या साहेबाला भ्यायची. अशा मुलीचं लग्न एका डिझेल मेकॅनिकशी झालं आणि दुसऱ्या वर्षी त्यानं मला विमानात बसवून ओमानला नेलं. गौरीचे बाबा, प्रकाश, तिथं एका मोठ्या खजुराच्या बागेवर पंप आणि ट्रॅक्टर सांभाळत. बागेचा मालक भला माणूस. त्यानंच माझे कागद केले आणि बागेच्या कडेला दोन खोल्या दिल्या. जुवेनाबाई ही त्याची थोरली बहीण. विधवा. तिचं घर आमच्या दारापासून शंभर पावलांवर होतं. शंभरच. मी पुढं ती इतक्या वेळा चालले की खात्रीनं सांगते.

तिथला उन्हाळा सांगायचा तर आपला नवतपा तीन महिने लांबवायचा. डोंगर सगळे उघडे, करड्या रंगाचे, गवताची काडी नाही. आणि त्या डोंगरांच्या पायाशी एकदम हिरवीगार बाग, वर झावळ्यांचं छप्पर, खाली दगडी पाटातून वाहणारं पाणी. ते पाणी कुठून तरी डोंगराच्या पोटातून येतं आणि पाळीपाळीनं प्रत्येकाच्या बागेला मिळतं. सकाळी पंपाकडं डबा देऊन येताना मी त्या पाटात पाय सोडून बसायची. इवले इवले मासे येऊन टाचा टोकरायचे. पहिल्या दिवशी मी किंचाळून उठले होते. महिनाभरानं ते मासे आले नाहीत तर मला चुकल्यासारखं व्हायचं.

त्याच पाटावर जुवेनाबाईनं मला पकडलं. मला दिवस गेले होते आणि मी कोणालाच सांगितलं नव्हतं. आपल्याकडं पहिले काही महिने पोट झाकूनच ठेवतात. मी परक्या देशात होते, तिथं तर कोणाची नजर कशी लागेल याचा अंदाजही नव्हता. म्हणून पाचवा लागला तरी मी ओढणी दुहेरी घेऊन फिरत होते. पण डोहाळे काही झाकता येत नाहीत. तिकडं लिंबं वाळवून ठेवतात, काळी पडतात, सुपारीसारखी कडक होतात, आणि भाजीत टाकतात. मी ती नुसती चोखायची. जुवेनाबाई पाटावर भांडी विसळायला आली आणि माझ्या शेजारी पडलेल्या लिंबाच्या साली बघत उभी राहिली.

बागेवरच्या मजुरांमुळे तिला मोडकंतोडकं हिंदी येत होतं. मलाही तेवढंच. आमच्या दोघींच्या हिंदीची चांगली जोडी जमली.

"बिन्ती," ती म्हणाली. बिन्ती म्हणजे माझी लेक. "इतना लिंबू अकेला आदमी नहीं खाता. दो आदमी खाता."

मी मान खाली घातली. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईनं तपासून सांगितलं तेव्हा कळलं की दोनही नव्हे, तीन माणसं लिंबं खात होती. पोटात जुळं होतं.

आईला फोन केला. ती म्हणाली, "कोणाले सांगू नको, अन् जास्त चालू नको. मी गिरडले जाऊन येतो." दुसऱ्याच दिवशी ती गिरडच्या टेकडीवर दर्ग्यात जाऊन नवस बोलून आली. जुवेनाबाईला हे कळलं तेव्हा तिनं मला दोनदा विचारलं, "तुम्हारी माँ? दरगाह?" मी म्हटलं, आमच्याकडं सगळेच जातात. तिनं जरा डोळे बारीक केले. त्यांच्याकडं दर्ग्याला जायची रीत नाही, हे मला पुढं कळलं. पण ती माझ्या आईबद्दल एवढंच म्हणाली, "माँ का पाँव कहीं भी चलता."

आठव्याच्या सुरुवातीला, बागेतले पहिले घड पिवळे पडले त्या आठवड्यात, सकाळी माझ्या पायांवरून पाणी वाहिलं. प्रकाश लांबच्या विहिरीवर पंप उघडून बसले होते. जुवेनाबाईनं भावाची गाडी मागवली, मला मागच्या सीटवर आडवं केलं, माझं डोकं स्वतःच्या मांडीवर घेतलं. वाटभर ती काहीतरी पुटपुटत होती. त्यातलं मला कळलं ते फक्त माझं नाव.

आधी मुलगी झाली, मग मुलगा. मुलगी केवढी, तर माझ्या तळहातापासून कोपरापर्यंत. मुलगा तिच्याहून थोडा थोराड होता म्हणतात. पण त्याच्या छातीला श्वास पेलला नाही. दुपारपर्यंत होता.

केरळची एक नर्स माझ्याजवळ आली आणि हळू आवाजात म्हणाली, "देखना है? गोद में लेना है?" मी मान हलवली. नाही म्हटलं. आमच्याकडं गेलेलं तान्हं आईला दाखवत नाहीत. मोह लागतो, दूध आटतं, पुढच्या लेकराला बाधतं, असं मी लहानपणापासून बायांच्या तोंडून ऐकत आले होते. तिथं मला कोणी अडवणारं नव्हतं. मीच मला अडवलं. प्रकाश आणि बागेवरचे दोन सोबती त्याला घेऊन चार तासांच्या वाटेवर गेले. किनाऱ्याकडच्या शहरात आपल्या लोकांची जागा आहे. तिथं त्याला मातीत ठेवून आले. परत आल्यावर प्रकाशनी हातपाय धुतले आणि माझ्या पलंगाशी खाली बसून राहिले. मी काही विचारलं नाही.

दूध त्यानंतर आटलंच. न बघूनही आटलं.

तीन आठवडे मुलगी काचेच्या पेटीत होती. मग घरी आली. तेव्हा बागेत खजुराचा हंगाम ऐन भरात होता. एका जातीचा खजूर पिवळा असतानाच उतरवतात, मोठ्या तांब्याच्या कढयांत उकळतात आणि उन्हात वाळवतात. ती झाली खारीक. आपल्याकडं बाळंतिणीच्या लाडवात जी खारीक कुटून घालतात, ती बरीचशी त्या मुलखातून येते हे मला तिथं जाऊन कळलं. घराबाहेर कढया पेटलेल्या, माणसं घामानं निथळत ढवळताहेत, सगळीकडं तो गोड वास, आणि आत मी एका लेकराला घेऊन बसलेली. तिला डब्याचं दूध पचत नव्हतं. पाजलं की ओकायची. वजन वाढायच्या ऐवजी उतरायला लागलं. डॉक्टरीणबाई म्हणाली, दोन दिवस बघू, नाहीतर पुन्हा भरती करावी लागेल, आणि या वेळी मी तुला खोटी आशा देणार नाही.

आता विळ्याचं सांगते. सगळं त्या विळ्यावर फिरलं.

सासूबाईंनी फोनवर बजावलं होतं, "पोरीच्या उशाशी लोखंड ठेवजो. एकटी सोडू नको." आपल्याकडं तान्ह्याजवळ चाकू नाहीतर अडकित्ता ठेवतात, वाईट काही जवळ येऊ नये म्हणून. माझ्या घरात एकच सुरी होती आणि ती भाजीला लागायची. म्हणून मी प्रकाशच्या खोक्यातून खजुराचे घड कापायचा विळा काढला. नवा, दातेरी, हातभर लांब. भीती मोठी होती म्हणून लोखंडही मोठं घेतलं. एक लेकरू गेलं होतं, दुसरं मी जाऊ देणार नव्हते, आणि माझ्या हातात करण्यासारखं तेवढंच होतं.

त्या दिवशी सकाळी पोरीचे कपडे बदलायचे म्हणून मी विळा उशाशी होता तो उचलून हातात धरला. केस दोन दिवस विंचरले नव्हते. जेवण पोटात नव्हतं. पोर रडत होती, रडण्यातही जोर राहिला नव्हता. आणि दारात जुवेनाबाई येऊन उभी राहिली. तिनं काय पाहिलं असेल ते आता मला स्वच्छ दिसतं. दोनातलं एक लेकरू गमावलेली, पिंजारलेल्या केसांची बाई, समोर उघडं तान्हं आणि बाईच्या हातात विळा.

ती ओरडली नाही. सरळ आत आली, पोरीला उचललं, छातीशी धरलं आणि निघाली. मला काही कळेना. मग एकदम वाटलं, नेली. माझी पोर नेली. मी तिच्यामागं पळत सुटले. विळा हातातच होता.

कढयांजवळची माणसं ढवळणं थांबवून बघत राहिली. जुवेनाबाई आपल्या घरात शिरली आणि तिनं आतून कडी लावली. मी दारावर एका हातानं मारत होते, दुसऱ्या हातात ते हत्यार. पंपावरून प्रकाश धावत आले.

"अवं, तो इळा टाक आधी," ते म्हणाले. "तुले पाहूनच घाबरली ते बाई."

तेव्हा माझं हाताकडं लक्ष गेलं. विळा खाली टाकला. प्रकाश बंद दाराला तोंड लावून सांगायला लागले, लोहा, लोहा, बच्चे के लिए, हमारे गाँव में रखते हैं. आतून पोरीचं रडणं ऐकू येत होतं, ते एकदम थांबलं.

ते थांबलं तो क्षण मी अजूनही कोणाला नीट सांगू शकत नाही. मी उंबऱ्यावर बसले. मला वाटलं, गेली.

कडी निघाली. जुवेनाबाईनं मला दंडाला धरून आत नेलं. खोलीत गादीवर रहमा बसली होती. रहमा ही तिची धाकटी लेक, पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली. तिथंही बाळंतीण आईकडं येते आणि चाळीस दिवस राहते. आपला सव्वा महिना, तोच त्यांचा हिशोब. तिचा मुलगा हमद बाजूला गाढ झोपला होता. आणि माझी पोर तिच्या छातीला लागली होती. घुटक घुटक आवाज येत होता. इवल्या कानामागची शीर हलत होती. माझ्या पोरीला काही पिताना एवढा आवाज करता येतो हे मला माहीत नव्हतं.

रहमा लाजून म्हणाली, तिला हिंदी कमी येत होतं, "रोया. दूध आ गया. हम क्या करे."

मी रडले की हसले ते आठवत नाही. जुवेनाबाईनं बाहेर जाऊन तो विळा आणला, उलटसुलट करून पाहिला आणि मग हमदच्या उशीखाली हात घालून एक बोटभर चाकू काढला. घडीचा, मूठ रुप्याची. तो माझ्यासमोर धरला.

"हमारा भी लोहा. मेरी माँ रखती थी. इतना." मग विळ्याकडं बोट केलं. "यह काहे को? जिन्न को काटना है कि सारा बाग काटना है?"

प्रकाश दाराबाहेर होते, तेही हसले. तीन आठवड्यांनी त्यांचं हसणं ऐकलं.

पण दुसऱ्यांदा पाजायची वेळ आली तेव्हा जुवेनाबाईनं रहमाला थांबवलं. मला समोर बसवलं. तिनं जे सांगितलं ते मी आधी कधी ऐकलं नव्हतं. त्यांच्या धर्मात दुधाचं नातं हे रक्ताच्या नात्यासारखंच खरं असतं. एकदा भुकेपोटी पाजलं तर पाजलं. पण पाच वेळा पोटभर पाजलं की ते लेकरू त्या बाईचं होतं. तिची मुलं त्याची सख्खी भावंडं. त्यांचं आपसात लग्न होत नाही. आयुष्यभर.

"रहमा का आदमी को मैंने पूछा. वह बोला, पिलाओ," जुवेनाबाई म्हणाली. "अब तुम बोलो. बाद में मत बोलना कि जुवेना ने बताया नहीं."

मी घाबरले. खोटं कशाला बोलू. मनात नाही नाही ते आलं. पोर यांची झाली म्हणजे काय? देणार की नाही परत? धर्माचं काय? गावात कळलं तर कोणी सून करून घेईल का हिला? दोन किलोचीही न झालेली पोर, आणि मी तिच्या सोयरिकीची काळजी करत होते. प्रकाशना विचारलं तर ते म्हणाले, "तुले काय वाट्टे?" मला काही वाटण्याची सवयच नव्हती. मी सासूबाईंना फोन लावला. त्यांचा धाक मला सगळ्यात जास्त. म्हटलं, त्यांनी नाही म्हटलं की प्रश्न मिटला.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"पोरगी भुकेली हाये ना?"

"हो."

"मंग मले काऊन इचारून राह्यली? पाजू दे."

"मामी," सासूला आमच्याकडं मामीच म्हणतात, "ते लोक वेगळे आहेत ना. म्हणून म्हटलं."

"अवं, तुह्या नवऱ्याले सोमीनं पाजलं. गोंडाच्या सोमीनं. मी कापसाच्या वेचणीले जाओ, माह्या अंगात दूधच नोतं. हा वावराच्या धुऱ्यावर रडला का ते उचले. सारा हंगाम पाजलं. मेला का तो? चांगला घोड्यासारखा झाला." मग म्हणाल्या, "आमी कोणी मोजलं नाई का पाच का पन्नास. ते बाई मोजते म्हणजे इमानदार हाये."

प्रकाश शेजारीच बसले होते. आईला दूध नव्हतं, सोमी नावाच्या कोणा बाईनं आपल्याला वाढवलं, हे त्यांना तिशी ओलांडल्यावर, ओमानमध्ये, बायकोच्या फोनच्या स्पीकरवर कळलं.

मी जुवेनाबाईला जाऊन हो म्हटलं. आयुष्यात पहिल्यांदा एखाद्या गोष्टीला मी नीट समजून घेऊन, तोंडानं, पूर्ण आवाजात हो म्हटलं. त्या एका शब्दानं माझ्यातलं काहीतरी ताठ झालं ते अजून तसंच आहे. बँकेतल्या साहेबाला मी आता भीत नाही.

अकरा दिवस रहमानं तिला पाजलं. शंभर पावलं जायची, शंभर पावलं यायची. जुवेनाबाई दर वेळी आधी पोरीला माझ्या छातीला लावायची, मग रहमाला द्यायची. दूध नसलं तरी ओढू दे, म्हणायची. मला मेथीची पेज, तुपात परतलेले खजूर, मध, काळ्या मिऱ्याचं तिखटजाळ सूप. मी खाल्लं नाही की समोर बसून राहायची. "रोना है तो रो. मुँह तो खाली है, उसमें खाना डाल." माझ्या आईनंही दुसरं काय केलं असतं? अळीव मिळाले असते एवढाच फरक.

एका दुपारी ती माझ्या डोक्याला तेल घालत होती. बाहेर कढया थंडावल्या होत्या, चटयांवर खारीक वाळत होती. दोन्ही लेकरं झोपलेली. गुंता सोडवता सोडवता ती म्हणाली, "उसका बाल बहुत था."

मला वाटलं पोरीबद्दल बोलते आहे. पोरीला तर केस नावालाच होते.

"लड़के का," ती म्हणाली. "मैंने लिया था. गोद में. तुम सो गई थी. मैं बैठी रही. आख़िर तक मेरे पास था."

तिचा हात डोक्यावर चालत राहिला.

काळे कुळकुळीत केस, कानाच्याही खाली उतरलेले. उजव्या भुवईपाशी खळगा. मुठी आवळलेल्या, पण एक बोट बाहेर काढलेलं. रडला नाही. एकदाच डोळे उघडले आणि दिव्याकडं पाहिलं. तिनं असं एकेक करून मला सगळं दिलं. घाई केली नाही, दडवलं नाही. मी न बघितलेलं माझं लेकरू एका परक्या बाईनं माझ्यासाठी नीट बघून ठेवलं होतं. प्रकाशच्या उजव्या भुवईपाशीही तसाच खळगा आहे. त्या संध्याकाळी ते जेवायला बसले तेव्हा मी त्यांच्याकडं इतका वेळ पाहिलं की त्यांनी विचारलं, "काय झालं?" मग मी सांगितलं. मग आम्ही दोघं पहिल्यांदा एकत्र रडलो.

न बघितल्यानं मोह लागत नाही, हे ज्यांनी म्हटलं त्या बायांनी कधी असं लेकरू गमावलं असेल का, मला माहीत नाही. असेलही. कदाचित त्यांनाही कोणी विचारलं नसेल. मला इतकंच कळतं की ज्या दिवशी तो कसा होता हे मला समजलं, त्या दिवसापासून तो मला छळत नाही. तो आहे, त्याच्या जागी.

बाराव्या दिवशी माझं पोलकं ओलं झालं. मी धावत जुवेनाबाईकडं गेले, हातात काही न घेता. तिनं पाहिलं, मान डोलावली आणि रहमाला म्हणाली असावी, झाली तुझी सुटका. मला म्हणाली, "जाओ, अब अपना होटल चलाओ."

पुढं दोन वर्षं आम्ही तिथं होतो. मग मालकानं बाग लेकाला दिली, लेकाला यंत्रंबिंत्रं नवी आणायची होती, आणि आमचंही मन गावाकडं ओढत होतं. प्रकाशनी आर्वीत ट्रॅक्टर दुरुस्तीचं दुकान टाकलं. परत आल्या आल्या ते सोमीबाईला शोधत गेले. गावाच्या टोकाला, नाल्यापलीकडं तिचं घर. म्हातारी झाली आहे, एका डोळ्यानं दिसत नाही. प्रकाश पाया पडले तेव्हा तिनं विचारलं, कोण तू? त्यांनी नाव सांगितलं. ती ओठ दाबून हसली.

"तू चावे लय, बापा," म्हणाली. "दात आले तरी सोडे नाई."

ओमानला जाईपर्यंत कितीदा तरी ते तिच्या घरावरून ट्रॅक्टर घेऊन गेले होते. तिनं कधी थांबवून सांगितलं नाही, आमच्या घरातून कोणी सांगितलं नाही. सासूबाई म्हणतात, त्यात सांगाचं काय? त्यांचं खरं आहे, त्या काळी बायांनी एकमेकींची लेकरं अशीच वाढवली. पण मला जुवेनाबाईचं पाच वेळचं मोजणं जास्त आवडतं. त्या मोजण्यामुळे रहमा दर ईदला फोन करते आणि आधी विचारते, "मेरी बेटी कैसी है?" हमद स्क्रीनसमोर येऊन दात दाखवतो. गौरीला शाळेत बाईंनी विचारलं, तुला भाऊ आहे का? ती म्हणाली, दोन. एक देवाकडं, एक ओमानले. बाईंनी मला बोलावून घेतलं. मी सगळं सांगितलं आणि म्हटलं, बरोबर सांगितलं तिनं, तसंच लिहा. आता आमच्याकडंही सणाला पहिलं ताट सोमीबाईकडं जातं. सासूबाई स्वतः झाकून देतात.

परवाच रहमाचा फोन आला. आवाज बसलेला होता. तिला पुन्हा दिवस गेलेत, तिसरा महिना आहे. कोणाला सांगितलं नाही म्हणाली, तुलाच सांगते. मग मागून जुवेनाबाई बोलली. तिचे गुडघे गेलेत. उठायला दोघांचा आधार लागतो. खाली बसून बाळाला न्हाऊ घालणं आता तिच्यानं होत नाही, आणि धाकट्या लेकीचं बाळंतपण परक्या बाईच्या हाती द्यायचं तिच्या जिवावर आलं आहे. तसं ती म्हणाली नाही. ती म्हणाली, "अल्लाह देखेगा." पण मी तिला ओळखते. तिनं फोन ठेवताना दोनदा घसा खाकरला.

तेव्हापासून माझं मन ठिकाणावर नाही. गौरीच्या बाबांना मी काल विचारलं, तर म्हणाले, "तुले काय वाट्टे?" या वेळी मला लगेच सांगता आलं.

जुवेनाबाई, हे मराठी तुम्हाला वाचता येणार नाही, म्हणून फोनवरही सांगेन. पण लिहून ठेवलेलं मोडता येत नाही, म्हणून इथं लिहिते. या वेळचं जमलं तर या वेळी, नाही जमलं तर पुढच्या वेळी, पण मी येणार. पासपोर्ट आहे, आणि विमानात एकटीनं बसायची भीती वाटते तेवढी वाटू द्या. रहमाचे चाळीस दिवस मी करीन. बाळाला पायांवर घेऊन न्हाऊ घालीन, तिला शेक देईन, ती जेवली नाही तर समोर बसून राहीन. तुम्ही फक्त पलंगावर बसायचं आणि माझ्या चुका काढायच्या.